हेपिसिपाची साक्ष

"वन्सं, मोगरी ठेवा खाली. हलतंय."

लोसालिनेने हे इतक्या हळू म्हटलं, की ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या फिफिता म्हातारीला ऐकूच गेलं नाही. ती आपली तुतीची साल बडवतच राहिली. हेपिसिपाचा हात मात्र थांबला. लोसालिनेचा पाचवा महिना सरत आला होता. गेल्या वर्षीचं चौथ्यातच गेलं होतं, तेव्हापासून तिच्या भावजयीचा कशावर भरवसा राहिला नव्हता. दवाखान्यातल्या नर्सने यंत्र लावून ठोके ऐकवले, तरी घरी येऊन ती म्हणाली होती, "यंत्राचं काय घेऊन बसलात, ते रेडिओसारखं कायम वाजतं. आत हललं तर खरं."

"कुठं?" हेपिसिपाने विचारलं.

लोसालिनेने नणंदेचा हात ओढून बेंबीखाली डावीकडे ठेवला. "इथं. आता बघा. लागलं ना?"

हेपिसिपाचं वय अठ्ठावन्न. लग्न नाही, मूल नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ तानिएला सहा वर्षांचा होता. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्नाचं वय निघून गेलं, असं गावातले भले लोक म्हणत. तिची जीभ कुणाला सोसली नाही, असं उरलेले म्हणत. दोन्ही खरंच होतं. बाराव्या वर्षापासून ती साल बडवत होती. वीतभर रुंदीची पट्टी ओंडक्यावर ठेवून मोगरीने ठोकायची, हातभर रुंद करायची, दुसरीला चिकटवायची. गावातलं एकही लग्न, एकही मयत तिच्या हातच्या कापडावाचून झालं नव्हतं. पण गेली सहा-सात वर्षं त्या तळहातांना काही कळत नव्हतं. चहा गरम की गार, हे पेला ओठाला लागल्यावर समजे. ही गोष्ट तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. बडवणारीचा हातच गेला म्हटल्यावर तिला विचारणार कोण?

शिवाय त्यांचं गाव होतं त्या भर समुद्रातल्या बेटांवर बापाच्या बहिणीचा मान आईबापांहून मोठा. बाळाचं नाव ती ठेवणार, आणि बाळाबद्दल तिने एकदा म्हटलं की वर अपील नाही.

तळहाताला काहीच लागलं नाही. लोसालिने तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि अशी बघत होती की हेपिसिपाला ते बघवेना.

"हो," ती म्हणाली. "लाथा झाडतंय की. बापाच्या वळणावर गेलंय मेलं."

लोसालिने रडली, हसली, पुन्हा रडली. फिफिताने काय झालं ते दोनदा विचारून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या गावाला सांगून टाकलं. तानिएला ऑस्ट्रेलियात द्राक्षाच्या मळ्यावर कामाला होता. त्याचा फोन आला तेव्हा बायकोने त्याला सगळं सांगितलं आणि फोन नणंदेच्या हातात दिला. बहीणभावांनी असल्या गोष्टी एकमेकांशी बोलायची तिथे रीत नाही. पोट, बाळंतपण, यातला एक शब्द तोंडातून काढायचा नाही.

"आक्का, तिकडं वारा कसाय?" तानिएलाने विचारलं.

"बराय."

"बरा आहे ना पण?"

"एकदा सांगितलं ना, बराय. जेवतोस का वेळेवर?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग फोन ठेवल्याचा. त्या रात्री हेपिसिपाला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. फिफिताच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून तिघी सकाळपासून ओंडक्याला भिडल्या. लोसालिनेचं पोट दिवसभर हलत होतं. ती मधेच थांबून खुदकन हसे, आणि हेपिसिपाची मोगरी चुकून बोटावर पडे.

मग रविवार आला. रविवारी त्या देशात कुणी काम करत नाही. मोगरी उचलायची नाही, धुणं वाळत घालायचं नाही, समुद्रावर जायचं नाही. चर्चमध्ये गायचं, भुईतल्या भट्टीतून अळूच्या पानांत बांधलेलं मटण काढून पोटभर जेवायचं आणि आडवं व्हायचं. जेवण होईतो लोसालिनेचा चेहरा उतरला होता.

"सकाळपासून हललं नाही," ती म्हणाली.

"पाद्र्याचं कार्टं दिसतंय," जेवायला आलेली फिफिता हाडूक चोखत म्हणाली. "रविवार पाळतंय."

कुणी हसलं नाही. फिफिता कधी नव्हे ती लवकर घरी गेली.

थोड्या वेळाने लोसालिने उठली, चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सोडून ठेवली आणि मागच्या पडवीत ओंडक्यापाशी जाऊन बसली, रोज बसते तशी, गुडघे लाकडाला टेकवून. हेपिसिपा दारात उभी होती. लोसालिनेने मूठ वळून ओंडक्यावर एकदा मारली. मग पुन्हा एकदा. मग पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ तशीच बसली.

"वन्सं, हा ओंडका होता," ती म्हणाली. "म्हातारी तिकडनं मारायची आणि मला इकडं पोटात कळायचं." एवढं बोलून तिने मान वर केली. "पण तुमच्या हाताला लागलं होतं. ओंडका माझ्या गुडघ्याला टेकला होता, तुमच्या हाताला नाही. मग तुम्हांला लागलं ते खरंच असणार. हो ना?"

आणखी एक 'हो' पुरला असता. तिच्यावर संशय घेणारं त्या बेटावर कुणी नव्हतं. हेपिसिपा भिंतीला धरून खाली बसली.

"मला काही लागलं नव्हतं, लोसा."

"असं कसं? तुम्ही तर म्हणालात—"

"या हातांना काही कळत नाही. सात वर्षं झाली. माशी बसली तरी कळत नाही, बाळ कुठलं कळायला."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस."

लोसालिने उठली. आत गेली आणि चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्या मागोमाग हेपिसिपाही आत गेली आणि तिच्या पायांशी बसली. नणंदेने भावजयीच्या पायांशी बसायचं, हे कुणी पाहिलं असतं तर महिनाभर चघळायला पुरलं असतं. पण आपण कुठे बसलोय याचं तिला भान नव्हतं. ती मनातल्या मनात बाळालाच विनवत होती. माझा खोटेपणा माझ्यापाशी राहू दे रे बाबा, तिचं काही जाऊ देऊ नकोस. गाव झोपलं होतं. कुठे कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

बऱ्याच वेळाने लोसालिने हळूच उताणी झाली. श्वास रोखून धरला. मग तिने हेपिसिपाचा हात धरला आणि लगेच सोडून दिला.

"हात नको," ती म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी नणंदेचं डोकं धरलं. त्या डोक्याला आई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. तशी कुणाची छातीच नव्हती. लोसालिनेने ते खाली ओढून स्वतःच्या पोटावर टेकवलं, गाल उघड्या कातडीला लागेल असं.

"लागलं?"

"नाही," हेपिसिपा म्हणाली.

"आता?"

"नाही ग."

"वन्सं, आता बघा. आता?"

हेपिसिपाने बोट वर करून तिला गप्प राहायला खुणावलं आणि डोळे मिटून घेतले. दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली, रस्त्याने लोक चर्चकडे जाऊ लागले, फिफिताने दारातून दोन हाका मारल्या. अठ्ठावन्न वर्षांत एकही प्रार्थना न चुकवलेल्या हेपिसिपाने डोकं उचललं नाही.