एकाच चौकटीत खूण

“काका, एकाच चौकटीत खूण करा म्हणून किती वेळा सांगू? घर, नाहीतर दुकान!” कारकुनाने मशीनकाकांचा पुनर्वसनाचा अर्ज तिसऱ्यांदा परत सरकवला.

“अहो, पण दोन्ही आहे ना! खाली शिलाई मशीन दुरुस्त करतो, वर राहतो. तीस वर्षं!”

“दोन्हीवर केली की कॉम्प्युटर घेत नाही.”

आता यावर काय कपाळ फोडायचं? कारकुनाच्या मागे भिंतभर चित्र टांगलं होतं, शहराच्या कडेला टाकून दिलेल्या त्यांच्याच वस्तीचं नवं रूप. खाली दुकानं, वर घरं, गॅलरीत कुंड्या. त्यासाठी म्हणे लांबलांबून तज्ज्ञ आणले होते. काकांनी तेच फुकटात केलं होतं, तेही गटार नसताना.

“घरावर केली तर?”

“फ्लॅट. पण घरात धंदा चालणार नाही.”

“आणि दुकानावर?”

“गाळा. राहायचं तुमचं तुम्ही बघा. आज शेवटची तारीख आहे हं.”

काका तणतणत घरी आले. काकूंचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या वरून जमिनीवर काठी आपटत. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे लगेच या. काका खालून “आलो” म्हणत आणि पाना हातात तसाच घेऊन जिना चढत.

“दुकानावर करा. हात रिकामे राहिले तर वेड लागेल तुम्हाला,” काकू म्हणाल्या.

“आणि तू पडलीस म्हणजे?”

“मी कशाला पडतेय!”

“मग परवा मोरीत काय नाचत होतीस?”

काकू हसल्या, मग डोळे पुसत बसल्या. काकांनी तिथल्या तिथे घरावर खूण केली. इतकी दाबून, की कागद फाटला.

कॉम्प्युटरने अर्ज मुकाट घेतला.

वर्षभराने ते फ्लॅटमध्ये आले. खाली कुणाचंतरी चकचकीत कपड्यांचं दुकान होतं. एका दुपारी काका काकूंच्या उशाशी बसले होते, बसण्याखेरीज दुसरं कामच नव्हतं. झोपेतून अर्धवट जागं होत काकूंनी सवयीने काठी उचलली आणि दोनदा आपटली.

“कोण ठोकतंय रे वर? काय कटकट आहे!” खालून दुकानदार ओरडला.

काकांनी काठी हळूच काढून घेतली.

“आलो,” ते म्हणाले.