गोल्फच्या रानात पाणी

आपल्या पोटच्या पोरानं दुसऱ्याच्या लेकराला शाबासकी द्यावी आणि आपण बांधावर बसून ती ऐकावी, यापरता जाच नाही. रंगूबाई हा जाच पावसाळ्यापासून सोसत होत्या.

त्यांचा थोरला पोरगा उदयसिंह फौजेतून सुभेदार होऊन आला, तो छावणीत शिकलेला गोल्फ घेऊनच. विहिरीकडचा उसाचा तुकडा मोडून त्यानं गवत लावलं. उसाच्या रानात गवत लावणारा शेतकरी आपण पहिल्यांदाच पाहिला, असं रंगूबाईंनी साऱ्या भावकीला ऐकवलं. पण नातू ऋषिराज त्या लोखंडी काठीनं चेंडू थेट ओढ्यापल्याड धाडायला लागला आणि त्यांचं मत फिरलं. तालमीत घुमलेलं पोर, काठी फिरवली की वारा वाजायचा.

माशी शिंकली ती धाकट्या जावेमुळं. भामाबाईंनी आपली नात समीक्षा आणून उभी केली. पोरगी काडीसारखी. तिचा चेंडू कसाबसा समोरच्या बांधापर्यंत जायचा. तरी उदयसिंह म्हणायचा, "वा समे, झकास." ऋषिराजला नुसतं "हं." तो झकास रंगूबाईंना डोळ्यात कुसळ गेल्यासारखा सलायचा. या घरात आल्यापासून हेच चाललं होतं. पोळ्या दोघींनी लाटाव्यात, नाव भामीचं. भांगलायला दोघी बरोबरीनं बसाव्यात, सासरा म्हणणार धाकटी चलाख. आता पोरगाही त्याच वळणावर गेला.

अशात पुण्याच्या गोल्फ शिबिरात एका पोराची जागा मिळाली. रविवारी दोघांनी खेळायचं, जो उजवा ठरेल तो जाणार, असं उदयसिंहनं सांगितलं. रंगूबाईंच्या मनानं घेतलं की नाव आधीच ठरलंय, रविवार नुसता दाखवायला. त्यांची नजर समीक्षाच्या पांढऱ्या बुटांवर गेली. पोरगी डबकं दिसलं तरी वळसा घालायची. ऋषी तर उसाला पाणी पाजत वाढलेला.

रविवारी सकाळी उदयसिंह कराडला गेला. लाईट आली तशी रंगूबाईंनी मोटर चालू केली, उसाकडं जाणारं पाणी मोडून गवतात सोडलं आणि घरी येऊन निवांत चहा प्यायल्या.

दुपारी सगळे रानात आले तेव्हा पाय घोट्यापर्यंत रुतत होता. लाईट आली की मोटर आपोआप चालू होऊन पाणी गवतात फुटू नये, म्हणून तिचा ऑटो बंद ठेवायचं काम ऋषिराजचं.

"ऑटो बंद केलावता का न्हाई?" उदयसिंहनं विचारलं.

"केलावता आप्पा."

"मग पाणी काय चालत आलं व्हय रं?"

पोरगं खाली मान घालून चेंडू पुसायला लागलं. रंगूबाईंना चरचरलं, पण जिंकला की सगळं धुऊन निघेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रान आपल्या मर्जीचं मिळत नसतं, असं म्हणून उदयसिंहनं दोघांना एकच गोष्ट बजावली. काठी आधी चेंडूला लागली पाहिजे, मग चिखलाला, आणि पाय हलता कामा नये.

ऋषिराजनं सवयीनं सगळी ताकद लावली. पाय सटकला, काठी चेंडूच्या मागंच रुतली आणि चिखलाचा फवारा त्याच्याच तोंडावर आला. चेंडू वीतभर सरकला. मग त्यानं आणखी जोर लावला आणि बुडावर बसला.

समीक्षानं बूट काढून बांधावर ठेवले. पायाची बोटं चिखलात रोवली, काठी जरा खाली धरली आणि अर्धाच हात फिरवला. तिच्यात तेवढाच दम होता. चेंडू टक् करून निघाला आणि समोरच्या बांधाला जाऊन थांबला. दुसराही तिथंच.

"समी जाईल," उदयसिंह म्हणाला.

रान वाळू दे, मग परत खेळव, असं रंगूबाईंनी म्हणून पाहिलं. त्यानं मान हलवली.

"आई, कोरड्यात ऋषीच गेला असता. त्याला सांगण्यासारखं काय न्हवतं, म्हणून गप असायचो. पोरीला धीर द्यायला लागायचा. पण ह्यानं ऑटो इसरला, भोगू दे आता."

रंगूबाई पेचात पडल्या. खरं बोलावं तर भामीसमोर शोभा. न बोलावं तर नातवावर नसता आळ. त्या गिळून बसल्याही असत्या. पण तेवढ्यात पदरानं नातीचे पाय पुसता पुसता भामाबाईंनी औंधाच्या देवीच्या दिशेनं हात जोडले.

"यमाईची करणी, आक्का. माझ्या नातीसाठी आईनं सोता पाणी सोडलं."

नातू हरला ते एक वेळ सोसलं असतं. पण भामीसाठी देवीनं मोटर चालू करावी, हे काही रंगूबाईंना सोसेना.

"यमाई कशाला येतीया मोटरवर? मी सोडलं पाणी."

उदयसिंहनं रुमाल काढून ऋषिराजचं तोंड पुसलं. "चुकलं रं माझं," एवढंच म्हणाला. आता तरी डाव परत मांडेल म्हणून रंगूबाई वाट बघत होत्या. तो काठ्या गोळा करायला लागला.

भामाबाईंनी नातीला पुढं ढकललं.

"मग समे, आधी थोरल्या आजीच्या पाया पड. त्यांनीच धाडलं तुला पुण्याला."

पोरगी चिखलाच्या पायांनी आली आणि वाकली. सगळे बघत होते. रंगूबाईंना तिच्या डोक्यावर हात ठेवावाच लागला. ठेवला, पण जरा जोरातच.