म्हसोबाच्या जागी

महापूर ओसरला तेव्हा पंचगंगेकाठच्या उंबराखाली म्हसोबा नव्हता. चौथ्या दिवशी ओढ्याच्या गाळात गुडघाभर उंचीचा, वर निमुळता दगड सापडला. दोघा गड्यांना उचलताना घाम फुटला, त्याचंही कौतुकच झालं. देव आपल्या पायानं परत आला म्हणत लोकांनी तो चौथऱ्यावर उभा केला आणि गाळावरच शेंदूर फासला.

सयाजी बघायला गेला नाही. त्या उंबराशी जायची ती त्याची बायको बनाबाई, आणि ती चैत्रात वारली होती. सयाजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिनं पाच नारळ बोलले होते. चार फोडून झाले होते.

सर्वपित्री अमावास्येला भावजय तानाबाई दारात आली. बनाचा राहिलेला नारळ आज देऊन टाकू, म्हणाली. सयाजी पायात चपला सरकवून निघाला.

उंबराखाली पाच-सहा बायका जमल्या होत्या. तानाबाईनं ओल्या फडक्यानं देवाचं बूड पुसलं. गाळ सुटला आणि तोफगोळ्याच्या बुडाशी असते तसली तांब्याची पट्टी दिसली. सयाजीनं फौजेत सतरा वर्षं सुरुंग आणि न फुटलेले गोळे काढले होते.

"वैनी, नारळ खाली ठेवा. त्यो देव न्हाय, तोफगोळा हाय."

बायका हसल्या. पेन्शन खायला लागून वीस वर्षं झाली, तरी ह्यांची लढाई सरली नाही, असं झुंबरबाई म्हणाली.

"गेल्या अमावशेला मी दोन फोडलेत ह्याच्यावर," तानाबाई म्हणाली. "काय झालं मला?"

तिचा हात वर होता. समजावत बसायला वेळ नव्हता. तिचं मनगट धरावं तर नारळ निसटून खाली पडायचा.

"बनाचा नवस हाय. त्यो मी फेडणार. द्या हिकडं."

नवऱ्याचा मान, त्याला ती नाही म्हणू शकली नाही. नारळ हातात येताच सयाजी वळला आणि गावाकडं चालू लागला. तानाबाई शिव्या घालत मागं निघाली, तिच्या मागं बाकीच्या. तो थेट देवळापर्यंत थांबला नाही. तिथून त्यानं पोलीस पाटलाला फोन लावला.

दुपारी कोल्हापूरहून बॉम्बनाशक पथक आलं. गोळा जिवंत होता. नदीच्या वरच्या अंगाला एका फौंड्रीचं भंगाराचं आवार होतं, पुरात त्याची भिंत पडली होती. भंगारात असले किती गोळे होते, ते मालकालाही सांगता येईना. पथकानं नदीच्या वाळूत खड्डा करून गोळा उडवला. देवळाच्या पत्र्यावरची कबुतरं उठली.

तानाबाई देवळाच्या कट्ट्यावर बसली होती. तिनं सयाजीला विचारलं, अजून असतील का.

"असतील. पाण्यानं कुठं न्हेऊन टाकलं, कुणाला ठावं? ऊसतोड लागायच्या आधी सगळं रान बघाय पायजे."

"आन् बनाचा नारळ?"

"रान बघून होईस्तोवर ऱ्हाऊ दे," सयाजी म्हणाला आणि पथकाच्या लोकांना ओढ्याची वाट दाखवायला गेला.