मेणाचे छत

९ एप्रिल २०२५, बुधवार, सकाळचे सात. भोसरीतल्या आपल्या पत्र्याच्या खोलीत नागसेनांनी छताखाली शेवटचे, एकशे साठावे पाकीट बसवले आणि ते स्टुलावरून सावकाश खाली उतरले.

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, पंखा थांबला आणि भाकरी थापता थापता त्यांची पत्नी कस्तुरा याच पत्र्याखाली भोवळ येऊन पडली. तेव्हापासून ती माण गावी, लेकीकडे राहत होती. “खोली गार झाली की येईन,” एवढे सांगून गेली होती.

पाकिटांत मेण होते. महाळुंग्याच्या एका कारखान्यात औषधांच्या पेट्या थंड ठेवण्यासाठी ते वापरत; तिथूनच नागसेनांनी ते आणले होते. एकोणतीस अंशांना ते वितळू लागते आणि वितळताना पत्र्याची उष्णता पोटात घेते. रात्री ती सोडून पुन्हा घट्ट होते. वीज लागत नाही.

दुपारी शेजारचे बबनराव दारातून वर पाहत म्हणाले, “राव, मेण तर चिकटवलं, आता वाती कुठं लावणार?”

“बसा. घाम येतो का सांगा.”

बबनराव बराच वेळ बसले. “न्हाई येत. पण वहिनींना आणायला एवढा खटाटोप? मी नुसता फोन केला असता.”

“फोन रोजच करतो,” नागसेन म्हणाले.

त्या संध्याकाळीही केला. “अगं, तीन वाजता आत बत्तीस अंश होते.”

“भोवळ मला येते, तुमच्या तापमापकाला नाही,” कस्तुरा म्हणाली. “सोमवारी जयंतीला येते. दुपारभर बसून बघते, मग ठरवू.”

गुरुवारी आत चौतीस अंश झाले, शुक्रवारी सदतीस. शनिवारी पहाटे नागसेनांनी एक पाकीट दाबून पाहिले. मेण अजून पातळच होते. कालची उष्णता सोडलीच नाही, तर आजची ते घेणार कुठे? बाहेर चांगला गारवा होता. तो आत येत नव्हता.

का, ते त्यांना ठाऊक होते. कस्तुराच्या खाटेवरची खिडकी ती रोज रात्री उघडी ठेवी. ती गेल्यापासून खिडकी बंदच होती. झडपा आत उघडत, आणि खिडकीच्या कट्ट्यावर कस्तुराची फणी पडलेली होती, तिने ठेवली तशीच, दातांत दोन पांढरे केस. खिडकी उघडायची तर फणी हलवावी लागणार. वर्षभर त्यांनी धूळसुद्धा फणीच्या कडेकडेने पुसली होती.

दिवसभर त्यांनी तिकडे पाहण्याचे टाळले. रात्री फणी उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि झडपा ओढल्या.

रविवारी सकाळी पाकिटावर टिचकी मारली, तर ते टणक वाजले.

सोमवारी दुपारी लेक दीक्षा आईला घेऊन आली. वीज नेमकी गेलेली होती. कस्तुरा आपल्या खाटेवर बसून राहिली. छताकडे तिने एकदाच पाहिले, मग खिडकीकडे.

“माझी फणी इथं होती.”

नागसेनांनी ती खिशातून काढून दिली.

“अहो, केस तरी काढायचे.”

“राहू दिले,” ते म्हणाले.

ऊन कलल्यावर दीक्षाने चप्पल घातली. “आई, निघायचं ना?”

कस्तुराने अंबाडा सोडला होता. केसांतून फणी फिरवत ती म्हणाली, “तू हो पुढं. उद्या माझी लुगडी पाठव.”

त्या दिवशी तीन वाजता बाहेर चाळीस अंश होते, आत एकतीस.