थोरलीच्या नावाचा हिरवा दिवा

तुम्ही एका जिवंत बाईला मारलंत आणि तिच्या मेलेल्या बहिणीला विमानात बसवलंत. यंत्रावर ढकलू नका. यंत्राला ना आई असते ना बहीण. तुमच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना असतात, म्हणून जाब तुम्हालाच.

धाकटी पेट्या पोचवते. एका शहरात कुणीतरी आपल्या हाडांच्या मगजातल्या पेशी देतं, दुसऱ्या शहरात कुणीतरी त्यांची वाट बघत इस्पितळात पडलेलं असतं, आणि मधलं अंतर धाकटी पेटी मांडीवर घेऊन विमानात काढते. ही पेटी सामानात टाकायची नसते, डोळ्याआड करायची नसते आणि तपासणीच्या एक्स-रे यंत्रात तर मुळीच घालायची नसते. आतल्या पेशी जिवंत असतात. ज्याला त्या द्यायच्या, त्याच्या अंगातल्या तसल्या स्वतःच्या पेशी डॉक्टरांनी औषधं देऊन आधीच मारून ठेवलेल्या असतात. पेटी बिघडली तर त्या माणसाला परतीची वाट नाही.

म्हणून तिला विमानतळावरच्या तपासणीची तुमची जलद रांग लागते. बूट आणि पट्टा काढायचा त्रास वाचतो म्हणून हौसेने सभासद होणाऱ्यांतली ती नव्हे. त्या रांगेला पेटी हाताने तपासायचं वेगळं टेबल असतं आणि तिथली माणसं मुरलेली असतात. साध्या रांगेत मात्र रोज नवा पहारेकरी, आणि नव्या पहारेकऱ्याला एकच मंत्र येतो: पेटी एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवा.

थोरलीही हेच काम करायची. थोरली म्हणजे काय, दोघी जुळ्याच. दाईच्या हाताला आधी ती लागली, एवढंच तिचं थोरपण. पण ते तिने जन्मभर मिरवलं. गेल्या वर्षी एका परक्या शहरात पेटी पोचवून ती हॉटेलात झोपली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. तिला आणायला धाकटीच गेली. येताना दोघी एकाच विमानात होत्या, एक वर, एक खाली सामानात.

मग धाकटीने शहाणपणा केला. तुमच्या कार्यालयाला कळवलं की माझी बहीण वारली, तिचा सभासद क्रमांक बंद करा. कुणी सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या नावाने कुणी आत शिरू नये, एवढाच साधा विचार. आणि तेव्हापासून धाकटीच्याच बोर्डिंग पासवर जलद रांगेची खूण यायची थांबली.

तिने मदतीच्या फोनवर विचारलं. तिथल्या माणसाने पढवलेल्या पोपटासारखं सगळं घोकून दाखवलं: तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळतं का बघा, जन्मतारीख बघा, तिकीट काढताना सभासद क्रमांक घातला होता का बघा, मुदत संपली असेल तर वाढवा, नाहीतर विमान कंपनीकडून पास नव्याने छापून घ्या. तिने सगळं केलं. तिच्या स्वतःच्या, पेट्या पोचवणाऱ्या कंपनीत तिकिटं काढणाऱ्या मामांनी तर तिची नोंद पुसून पुन्हा पहिल्यापासून घातली. मामा चिकाटीचा माणूस. म्हणाले, "बाई, इकडून काही चुकत असेल तर माझं नाव बदल." त्यांचं नाव बदलायची वेळ आली नाही. खूणही आली नाही.

तरी ती जलद रांगेत जाऊन बघायची. दारातल्या काचेवर बोट टेकलं की दिवा हिरवा व्हायचा, आणि पडद्यावर नाव उमटायचं थोरलीचं. आपलं स्वागत आहे. मग पास थोरलीच्या नावाचा नाही म्हणून तिला मागे लोटायचे. पहिल्यांदा तिने मान वळवून मागे पाहिलं होतं, बहीण उभी असेल म्हणून. पुढे मागे बघणं तिने सोडलं. हिरवा दिवा लागला की खालमानेने म्हणायची, आहे गं, आले.

पाणी कुठे मुरत होतं ते तिला ठाऊक होतं. सभासद व्हायला दोघी एकत्र गेल्या होत्या. तेव्हा थोरली गोठवलेले नमुने न्यायची, आणि कोरड्या बर्फाने तिची बोटं सोलवटली होती. यंत्राला तिच्या बोटांवर ठसाच सापडेना. तुमच्याच खिडकीतल्या माणसाला जेवायला जायची घाई. त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि म्हणाला, "जुळ्या ना? मग ठसे सारखेच की. हिची बोटं लावा." जुळ्यांचे ठसे सारखे नसतात हे त्याला माहीत नव्हतं. कर्माने या दोघींनाही नव्हतं. धाकटीने आधी थोरलीसाठी बोटं लावली, मग स्वतःसाठी. थोरली शेजारी उभी राहून हसत होती, म्हणाली, आता तुझ्या हातून काही पाप झालं तर धरतील मला. तिची बोटं सोललेली म्हणून तिला मग नेहमी ओळखपत्र बघूनच आत सोडायचे.

तर तुमच्याकडे दोन नावं आणि एकच बोट. मरणाची खबर आल्यावर तुम्ही काय केलंत? बोट अजून दारोदार हिंडतंय, म्हणजे बोटवाली जिवंत आहे. एक बोट म्हणजे बाई एक. आधीची नोंद खरी धरली, नंतरची दुबार म्हणून मरणाच्या खबरेसकट बंद करून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी. थोरली इथेही आधी.

आता घरचं ऐका. थोरलीचा फोन आईने बंद होऊ दिलेला नाही. रोज चार्ज करते, काच पदराने पुसते. धाकटीने विमानतळावर बोट टेकलं की त्या फोनवर तुमचा मेसेज येतो: आपण तपासणीच्या दारात पोचलात, प्रवास सुखाचा होवो. आईने पहिला मेसेज वाचला त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या मेसेजला दोन घास जास्त जेवली. धाकटीने समजावलं की अगं, हे माझं बोट आहे. आई म्हणाली, "मला काय वेड लागलंय? तू तिला आणलीस तेव्हा मी स्वतः तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलंय. पण सरकारचा मेसेज आहे, खोटा कशाला लिहितील?" यावर तुमच्याकडे उत्तर आहे का?

साध्या रांगेतल्या पहारेकऱ्यांशी वाद घालत तिने बऱ्याच पेट्या पार नेल्या. मग ही पेटी आली. पलीकडे एक मुलगी होती, लग्नाला वर्षही न झालेली. तिच्या अंगातली तसली शेवटची पेशीही औषधाने मेली होती. साध्या रांगेतला पहारेकरी कोवळा होता आणि नियमांचा भारी भोक्ता. धाकटीने डॉक्टरांचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, पत्र खरं की खोटं ते साहेब ठरवतील, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत, पेटी पट्ट्यावर ठेवा. बोलता बोलता त्याने पेटीच्या कडीला हातही घातला. धाकटीने पेटी पोटाशी धरली आणि रांगेतून मागे फिरली.

खांबाआड उभी राहून तिने पुन्हा मदतीचा फोन लावला. तोच माणूस. बराच वेळ काहीतरी बघून, खाजगीत सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव बंद आहे, पण तुमच्या बहिणीचं चालू दिसतंय. त्याच नावाने जा ना."

"ती वारलीय."

"इथे तसं दिसत नाही."

थोरलीचं ओळखपत्र धाकटीच्या पाकिटात होतं. हॉटेलातून तिचं सामान आणलं तेव्हापासून तिथेच. तिने मामांना फोन करून थोरलीच्या नावाने तिकीट मागितलं. मामांनी फक्त विचारलं, "खिडकीची जागा देऊ? तिला खिडकी लागायची." तिने हो म्हटलं. माझं तिकीट रद्द करा, असंही सांगितलं.

नवा पास आला. त्यावर थोरलीचं नाव, आणि कोपऱ्यात ती खूण, ठळक, जशी काही कधी गेलीच नव्हती. जलद रांगेत धाकटीने बोट टेकलं. दिवा हिरवा झाला. नाव थोरलीचं, पास थोरलीचा, ओळखपत्रावरचा चेहरा थोरलीचा, म्हणजे तिचाच. कुणी मागे लोटलं नाही. हाताने तपासायच्या टेबलाशी एक वयस्क बाई होती. तिने पेटी बाहेरून पुसली, कागद वाचले, आणि धाकटीच्या हाताकडे बघत मायेने विचारलं, "बऱ्या झाल्या का गं बोटांच्या साली? बऱ्याच दिवसांनी दिसलीस."

धाकटीच्या तोंडून शब्द निघाले, "हो, आता दुखत नाहीत."

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण असा खालच्या पट्टीत, असा निवांत ती कधी बोलली नव्हती. विमानात खिडकीपाशी बसल्यावर तिने पेटी डाव्या हाताने धरली होती. डावखुरी थोरली होती. धाकटीने हात बदलला. थोड्या वेळाने पाहिलं तर पेटी पुन्हा डाव्या हातात. मग तिने तो नाद सोडला. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, एकट्याच का? तिला हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

पेटी वेळेत पोचली. त्या मुलीच्या अंगात त्या पेशी रुजल्या, ती आता स्वतःच्या पायांनी चालते. हे तुमच्या कृपेने झालं नाही, हेही लिहून ठेवा.

परत आल्यावर धाकटी तुमच्या कार्यालयात गेली. काचेमागच्या अधिकाऱ्याने पडदा स्वतःकडे वळवला आणि थंडपणे सांगितलं की बहिणीच्या मृत्यूची तक्रार निकालात काढली आहे, कारण बहिणीने परवाच प्रवास पूर्ण केला आहे. ती मी होते, असं धाकटी म्हणाली. तेव्हा त्याने चष्मा काढला. तुम्ही होतात असं म्हणत असाल तर तो गुन्हा आहे, आणि नव्हतात तर तुमची बहीण जिवंत आहे, यातलं काय लिहू? नोंदी वेगळ्या करायच्या असतील तर सोपं आहे, म्हणाला, दोघींनी एकत्र या, दोघींचे ठसे नव्याने घेतो. आणि हे तो थट्टेने म्हणाला नाही. तशी सूचनाच आहे, म्हणाला.

ती घरी आली तेव्हा आई दारात थोरलीचा फोन घेऊन बसली होती. या वेळी मेसेज लांबलचक आला होता: तपासणी झाली, विमान सुटलं, विमान उतरलं. आईने धाकटीकडे पाहिलं, तोंडापासून हातापर्यंत, आणि डाव्या हातातल्या पिशवीवर तिची नजर थांबली. म्हणाली, "आलीस? मग आता धाकटीचंही काहीतरी बघ बाई. तिचं नाव काढून टाकलंय म्हणे त्यांनी."

पिशवी धाकटीने खाली ठेवली, ती डाव्याच हाताने.

उद्या पुढची पेटी आहे. मामा फोन धरून बसलेत, तिकीट काढायचं खोळंबलंय. आईला विचारून उपयोग नाही, आणि आपण कोण हे धाकटी स्वतः आता छातीठोकपणे सांगू शकत नाही. उरलात तुम्ही. दोघींतली कुठली मेली ते तुम्ही ठरवलंत, तेव्हा उद्या विमानात कुणी बसायचं तेही तुम्हीच सांगा. फोनवर नको, पडद्यावर नको, मीटिंग संपल्यावर नको. समोर या आणि तोंडाने सांगा: तिकीट कुणाच्या नावाने काढायचं?