खालची क्लिप

रेडिएटरचा खालचा पाइप फुगला होता, तो बदलायचा होता. तो आवळणारी वरची क्लिप निघाली. खालची मात्र गंजून रबरात रुतली होती. मिस्त्री ट्रकखाली उताणे पडून तासभर तिच्याशी झटत होते. तेल मारून झालं, ठोकून झालं. स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत झाली, तरी क्लिप ढिम्म हलेना.

“बाबा, पत्र्याची कात्री आणते. क्लिपची पट्टीच कापू,” शेजारी सरपटत आलेली लेक म्हणाली. पाच वर्षं ती त्यांच्याबरोबर गॅरेजात राबत होती.

“मला शिकवू नकोस.”

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पट्टीखाली खुपसला आणि जोर लावला. तो सटकला. कट्कन आवाज झाला. पाइप जिथे बसतो, त्या रेडिएटरच्या तोंडाला बोटभर चीर गेली.

ट्रकचालक फाटकापाशी फोनवर बोलत होता. त्याला काही कळलं नव्हतं.

“चिरेवर सीलंट फासतो,” मिस्त्री पुटपुटले. “वर पाइप चढला की दिसणार नाही.”

“बाबा! भरलेली गाडी आहे. चढावर तापली की उकलेल ते.”

तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. स्क्रू ड्रायव्हर केव्हाच खाली पडला होता. बोटं मात्र तो धरल्यासारखी वाकलेली. त्यांना पत्ताच नव्हता.

“कधीपासून?”

“झाले सहा-सात महिने. आधी मुंग्या यायच्या. आता काहीच कळत नाही.”

“आईला सांगितलंत?”

“तिला ठाऊक आहे. शर्टाची बटणं तीच लावते. तुला सांगू नको म्हटलं होतं मी.”

सकाळीच ती त्या बटणांवरून दोघांना चिडवून हसली होती.

मिस्त्री बाहेर आले, अंग न झटकताच फाटकाकडे गेले. “रेडिएटर माझ्या हातून फुटला,” ते म्हणाले. “नवा मी घालून देतो.”

चालक भडकला. “एवढी वर्षं डोळे झाकून गाडी तुमच्या हवाली केली, ती यासाठी?”

मिस्त्रींनी डाव्या हाताने दुकानाला फोन लावून नवा रेडिएटर मागवला.

लेकीने पट्टी कापली. दोन मिनिटंही लागली नाहीत. नवा रेडिएटर यायला दुपार झाली. तोवर चालक निवळला होता. तिच्यापाशी येऊन तो म्हणाला, “ताई, पाइप मात्र तूच बसव हं.”

मिस्त्री मागेच उभे होते. तिने वळून पाहिलं नाही.