एकतिसाव्या भागातला ‘तू’

आत्याच्या दुकानात नवे कपडे शिवत नसत, जुने सुधारून देत. कुणाची विजार लांब, कुणाच्या कोटाची बाही आखूड, कुणाचं पोट सुटलेलं आणि ते कबूल करायची तयारी नाही, अशी सगळी गिऱ्हाइकं. रविवारी दुकान बंद. पण चारच्या ठोक्याला मागच्या दारानं तीन माणसं आत यायची, कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारून बसायची आणि भांडायची. भांडण घरचं नाही, दारचं नाही, ‘उत्तरेचा किल्ला’ नावाच्या मालिकेवरचं.

मालिका परदेशी, तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा दरबारातली. नवरा लढाईत गेल्यावर राज्य सांभाळणारी एक राणी आणि तिचा दिवाण. दर शनिवारी नवा भाग यायचा, खाली मराठी ओळी. राणी कुणाशी बोलताना हातमोजे काढते आणि कुणाशी बोलताना काढत नाही, यावर या मंडळींनी एकदा दोन तास घालवले होते. रिकामटेकडेपणाच म्हणायचा, पण रविवारी दुपारी माणसं याहून वाईट उद्योग करतात.

मंडळी कोण, तर एक स्वतः आत्या. वय अठ्ठावन्न, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नाही. दुसरे मास्तर, जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. तिसरा समोरच्या दुकानातला औषधवाला. तो सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायचा आणि मग कुणाचंच बरोबर नाही म्हणायचा. चौथी आत्याची भाची. ती फारसं बोलायची नाही. बोलणार कशी? मालिकेखालच्या त्या मराठी ओळी तीच लिहायची.

नोकरीला लागताना तिनं सही केलेल्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं, कुठली मालिका हातात आहे ते बाहेर बोलायचं नाही. घरच्यांना एवढंच ठाऊक की पोरगी टीव्हीच्या कंपनीत काहीतरी टायपिंग करते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तीही गप्प. शिवाय आपण लिहिलेलं लोक इतकं जीव लावून वाचतात, हे गुपचूप बसून ऐकायला तिला आवडायचं. खोटं कशाला बोला!

आणि मग एकतिसावा भाग आला. राणी तीन दिवस तहाची बोलणी करून थकून परत येते. दिवाण दारात उभा. तीस भाग हा गृहस्थ तिला ‘तुम्ही’ म्हणत आलेला. आणि आता पडद्यावर ओळ उमटली, ‘तीन दिवस झाले, तू काही खाल्लं नाहीस. आता बस.’

दुसऱ्या दिवशी चहाची किटली टेबलावर ठेवायच्या आधीच आत्यानं तोंड उघडलं. “वाचलंत ना? ‘तू’ म्हणाला! मी म्हणत होते की नाही, जीव आहे त्याचा तिच्यावर?”

“चूक आहे ती,” मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली. “तीस भागांत दोनशे चौदा वेळा ‘तुम्ही’. मी मोजलंय. आणि एकदाच ‘तू’? कुणीतरी ध चा मा केलाय.”

“मास्तर, माणूस दोनशे चौदा वेळा शब्द गिळतो आणि एखाद्या वेळी निसटतो तोंडातून. त्याला काय चूक म्हणतात?”

“मग काय म्हणतात?”

“तुम्ही नकाशेच बघत बसा,” आत्या म्हणाली.

औषधवाला म्हणाला, “चुकीची बाटली हातात पडली की काही गिऱ्हाइकांनाही वाटतं, आपल्याला काहीतरी खास दिलंय.” त्यावर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं.

भाचीनं मात्र मान खाली घालून कप मांडायला घेतले. कारण ती चूकही नव्हती आणि प्रेमही नव्हतं. जागा नव्हती! पडद्यावर ओळ दोन-अडीच सेकंद राहते. तेवढ्यात डोळ्यांनी जेवढं वाचून होईल तेवढंच लिहायचं, एक खूण जास्त झाली की यंत्र ओळ लाल करतं. आणि ते परदेशी यंत्र वेलांटी, उकार, पायमोडकं अक्षर, सगळं वेगवेगळं मोजतं. ‘तुम्ही’ला सहा खुणा, ‘तू’ला दोन. मूळ भाषेत तर सगळ्यांना एकच शब्द, राजालाही तोच आणि कुत्र्यालाही तोच. ओळ काही केल्या बसेना, तेव्हा तिनं ‘तू’ घातला. दुसऱ्या वाचनात पुन्हा बघू म्हणाली आणि पुढच्या भागांच्या रगाड्यात विसरली. बस्स, एवढीच त्या प्रेमाची जन्मकथा.

पुढचे सहा रविवार दुसरा विषय नाही. आत्या पुरावे आणायची. बत्तिसाव्या भागात दिवाणानं राणीच्या खुर्चीमागची खिडकी स्वतः लावली, नोकर असताना. मास्तर ते खोडून काढायचे, वारा उत्तरेचा होता म्हणून लावली. तेहतिसाव्यात तो पुन्हा ‘तुम्ही’ म्हणाला, हे मास्तरांचं ब्रह्मास्त्र.

“अहो, भरदरबारात ‘तू’ म्हणेल होय? अक्कल आहे त्याला,” आत्या म्हणाली. “तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही.”

“समजावून सांगा की मग,” मास्तर म्हणायचे, आणि आत्या पहिल्यापासून सांगायला बसायची. हातातला कपडा तसाच मांडीवर.

सहाव्या रविवारी मास्तरांनी सांगितलं की महिनाअखेर ते मुलाकडे चाललेत, कायमचे. मुलगा चार वर्षं मागे लागला होता. घर सोडतोय म्हणून मालकाला कळवलं होतं, सामानही दोन आठवड्यांत पुढे जाणार होतं. औषधवाल्यानं, कधी नव्हे ते, चहा बरा झालाय असं म्हटलं.

“तेव्हा या वादाचा निकाल लावूनच जाऊ,” मास्तर म्हणाले. “मी कंपनीला पत्र लिहितो. चूक आहे की मुद्दाम लिहिलंय, ते त्यांनीच सांगावं.”

“लिहा,” आत्या म्हणाली. “होऊन जाऊ दे एकदाचं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कळसा इस्त्रीच्या टेबलाशी बसून मुकाट्यानं चहा पीत होता.

बाकीचे गेल्यावर आत्यानं भाचीला थांबवून घेतलं. एका झग्याची शिवण उसवायला दिली आणि स्वतः पाठमोरी उभी राहून कात्र्या जागेवर ठेवायला लागली. त्या आधीच जागेवर होत्या.

“तुला म्हणून सांगते,” ती म्हणाली. “मास्तर जायला नकोत मला.”

भाची उसवायची थांबली, तशी आत्या वळली.

“बघतेस काय अशी? या वयात काय म्हणून हिला सुचलंय, असंच ना? मलाही तसंच वाटतं. पण आहे ते आहे. माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि त्यांच्या तर सात जन्मांत फुटायचा नाही.” तिनं एक कात्री उचलून परत ठेवली. “ते पत्राचं उत्तर येऊ दे. ‘तू’ मुद्दाम आहे असं आलं, तर त्याच दिवशी बोलणार मी. म्हणणार, बघा, तुमच्यासारखाच तो दिवाण, त्यालाही शेवटी जमलं.”

“आणि चूक आहे असं आलं तर?”

“तर माझं तोंड मिटलं. आपलीच खिचडी आपण शिजवत होतो, असं समजायचं.”

दहा दिवसांनी कचेरीत विभागप्रमुख बाईंनी भाचीच्या टेबलावर एक पाकीट टाकलं. “तुझी मालिका. दोन ओळींत उत्तर दे, माझी सही घे आणि मिटव.” अक्षर मास्तरांचंच, फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ. भाग क्रमांक, प्रसंग, ओळ, आणि शेवटी, ‘सदर एकेरी संबोधन हेतुपूर्वक योजले आहे काय, ते कृपया कळवावे. येथे काहीजणांस याचे महत्त्व वाटते.’ त्या ‘काहीजणांस’पाशी भाची बराच वेळ थांबली.

‘होय, हेतुपूर्वक.’ दोन शब्दांचं काम. बाईंनी न वाचता सही केली असती, आत्या बोलली असती, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. भाचीनं ते लिहून पाहिलं. मग खोडलं. खोट्यावर उभी राहून आत्या बोलणार आणि मास्तर नाही म्हणाले तर? आणि हो म्हणाले तर आपल्याला ते खोटं जन्मभर पोटात ठेवावं लागणार. खरं लिहावं तर आत्याचं तोंड आपल्याच हातानं शिवल्यासारखं. इकडे आड, तिकडे विहीर. मग ती नोकरीचा कागद आणि ती सही, सगळं गुंडाळून ठेवून संध्याकाळी दुकानात गेली आणि आत्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. ओळी मी लिहिते. लाल ओळ, सहा खुणा, दोन खुणा, सगळं.

आत्या शिवणयंत्रावर होती. तिनं पाय थांबवला.

“म्हणजे तो काही म्हणालाच नाही.”

“म्हणाला गं. पण तू की तुम्ही, ते त्यांच्या भाषेत नसतंच.”

“जागा नव्हती म्हणून?”

“हो.”

आत्याला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. “वाईट वाटलं बघ मला,” ती म्हणाली. “तुझा राग नाही. पण वाईट वाटलं.” मग तिनं दोरा ओवला. एका फटक्यात ओवला गेला नाही, दुसऱ्यांदा ओवला. “खरं तेच लिही. खोट्या कागदाच्या जोरावर मी कुणाला थांबवणार नाही. जातील तर जातील.”

भाचीनं खरं तेच लिहिलं.

शेवटच्या रविवारी मास्तर कोट घालून आले. सामान शुक्रवारीच गेलं होतं, ते स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचे होते. पाकीट त्यांनी उघडून आणलेलंच होतं. चष्मा चढवून त्यांनी मोठ्यानं वाचलं, “‘सदर ठिकाणी आदरार्थी संबोधन अपेक्षित होते. ओळीत जागा अपुरी पडल्यामुळे एकेरी वापरले गेले. त्यामागे अन्य हेतू नाही.’”

“जागा अपुरी?” औषधवाला म्हणाला. “म्हणजे तुम्ही दोघंही चूक. मी सांगत नव्हतो?”

आत्यानं मान डोलावली. “जिंकलात मास्तर,” ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. भाचीनं कपात बघितलं.

मास्तरांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

“काय झालं?” आत्यानं विचारलं. “तुमच्याच बाजूनं आलंय की.”

“हो. पण मला आपलं वाटलं होतं, मुद्दामच आहे म्हणतील.”

“अहो, मग दीड-दोन महिने माझ्याशी भांडलात कशाला?”

मास्तरांनी चष्मा काढला आणि तो कोटाच्या टोकाला पुसत बसले. भूगोलाच्या माणसाला वाट सापडू नये अशी त्यांची गत झाली होती. “पटलं असं पहिल्याच रविवारी म्हणालो असतो,” ते म्हणाले, “तर दुसऱ्या रविवारी तुम्ही मला ते पुन्हा कशाला समजावलं असतं?”

बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

“जाऊ नकोस,” आत्या म्हणाली.

‘नका’ नाही, ‘नकोस’. भाचीनं दचकून वर पाहिलं. आत्याची मान ताठ होती आणि कान लालबुंद झाले होते. मास्तरांचा चष्मा हातातच राहिला.

“सामान गेलंय,” ते कसंबसं म्हणाले. “घर सोडलंय. उद्या मुलगा स्टेशनवर येऊन उभा राहील. त्याला मी काय सांगू?”

“काय सांगायचं ते तुझं तू बघ,” आत्या म्हणाली, आणि त्यांच्या अंगातला कोट काढून घ्यायला हात पुढे केला.